जोगव्याचे पाचवे घर

गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या आमच्या संगीत महाविद्यालयाचे विद्यार्थी युरोपात कार्यक्रम करून आले. त्या दौऱ्यातील एका प्रसंगाच्या सध्या तीन हकिकती प्रचारात आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली संस्थेच्या सचिवांनी स्मरणिकेत छापली. दुसरी विद्यार्थी एकमेकांना सांगतात आणि दर वेळी तिच्यात एक नवे वाक्य घालतात. तिसरी माझ्या धाकट्या भावाची. अर्धापूरला केळीच्या बागेत बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की, माहूरची रेणुकामाता गोऱ्या बाईच्या रूपाने, नाकात नथ घालून, आमच्या दादापुढे प्रकट झाली. हा गृहस्थ आयुष्यात हैदराबादच्या पलीकडे गेलेला नाही. प्रसंग माझ्यावर गुदरला, त्या वेळी तेथे मी होतो आणि माझी स्मृती अजून शाबूत आहे. म्हणून घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. त्यात मला न शोभणारी एक गोष्ट आहे. ती वगळली असती तर हकिकत अधिक देखणी झाली असती. पण मग ती चौथी चुकीची हकिकत ठरली असती.

माझे वय चौऱ्याहत्तर. नांदेडच्या एका शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. पखवाज वडिलांकडून आला. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस एसटीने लातूरला जाऊन महाविद्यालयात तो शिकवू लागलो. दौऱ्याच्या आधी तीन वर्षे माझी पत्नी गेली. तिच्या आजारपणात मी देवीकडे एकदाच, एकच गोष्ट मागितली होती. ती मिळाली नाही. तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ देवघरात दिवा लावीत असे, कारण तो पत्नीचा नेम होता. पण हात जोडीत नसे. कोणी मला नास्तिक म्हणेल तर तेही चूक आहे. मी नास्तिक नव्हतो, रागावलो होतो. आयुष्यात कोणाकडे काही मागायचे नाही हा माझा बाणा होता, तो मी एकदा तिच्यासाठी मोडला आणि रिकाम्या हाताने परत आलो, एवढे माझ्या मनात घट्ट बसले होते. पुन्हा मागायचे नाही, माणसाकडेही नाही आणि देवाकडेही नाही, असा निश्चय करूनच मी विमानात चढलो.

आमच्या चमूत नऊ विद्यार्थी, संस्थेचे सचिव आणि मी असे होतो. गायन, संवादिनी, टाळ आणि शेवटी पखवाजाचे स्वतंत्र वादन असा कार्यक्रम आम्ही बांधला होता. हे वादन शिवकन्या नावाची मुलगी करणार होती. ती मुखेड तालुक्यातील एका कोरडवाहू गावची. तिचे आजोबा गावच्या भजनात पखवाज वाजवीत आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून ती शिकली. मुलीच्या जातीने पखवाज घेऊन पारावर बसावे हे गावाला रुचले नाही. लोक तिला ‘मृदंगराव’ म्हणून चिडवीत, आणि ती त्या नावाला ‘ओ’ देत असे, हे तिनेच मला हसत सांगितले होते. महाविद्यालयात पखवाजाच्या वर्गात बसलेली ती पहिलीच मुलगी. सचिवांचे मत असे की, मुलींनी तंबोरा धरावा, फार तर संवादिनी घ्यावी. मी भांडून तिला ती जागा मिळवून दिली होती. हे येथे सांगतो ते स्वतःची थोरवी मिरवण्यासाठी नव्हे. पुढे मी जे केले ते किती वाईट होते, हे वाचणाऱ्याला नीट कळावे म्हणून सांगतो.

पखवाजाची माहिती नसलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या वाद्याच्या डाव्या बाजूच्या चामडी पुडीवर दर वेळी वाजवण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याच्या वजनाने खर्ज, म्हणजे खोल घुमणारा आवाज, येतो. कणीक नसेल तर पखवाज पखवाज राहत नाही, रिकामा डबा होतो. कार्यक्रम संपला की ती खरवडून टाकायची आणि पुढच्या वेळी ताजी भिजवायची. कणीक गव्हाचीच हवी, कारण गव्हाला चिकटपणा असतो. निघण्याच्या आठवड्यात शिवकन्येने मला विचारले होते, गुरुजी, कणकेचं पीठ मी घेऊन येऊ का घरून? मी तिला सांगितले की, पखवाजाची जबाबदारी माझी आहे, तू तुझे बोल पाठ कर. निघण्याच्या आदल्या दिवशी मी घरी दोन कापडी पिशव्या भरल्या. आमच्या भागातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात दोन मोठे डबे शेजारी शेजारी असतात, एक ज्वारीच्या पिठाचा आणि एक गव्हाच्या. पत्नी असती तर मला त्या डब्यांना हात लावू दिला नसता. चष्मा कोठे ठेवला होता ते आठवत नाही. तो शोधला नाही एवढे आठवते. पिशव्यांची तोंडे मी आवळून बांधली. हैदराबादच्या विमानतळावर माझ्या बॅगेचे वजन जास्त भरले, तेव्हा त्यांतील एक पिशवी शिवकन्येच्या बॅगेत गेली.

प्राग आणि व्हिएन्ना येथील कार्यक्रम उत्तम झाले. माझ्याजवळची पिशवी तेथे संपली. तिसरा आणि शेवटचा कार्यक्रम ऑस्ट्रियातल्याच एका लहानशा गावी, नदीकाठच्या जुन्या चर्चमध्ये, रविवारी दुपारी चार वाजता होता. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या मुक्कामाच्या युवक निवासात शिवकन्येने आपल्या बॅगेतील पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. मी गाठ सोडली, चिमूट बोटांत घेतली आणि मला कळले. ज्याने जन्मभर भाकरी खाल्ली त्याला ज्वारीचे पीठ ओळखायला डोळे लागत नाहीत. दुपारी आम्हाला वाजवायचे होते आणि आमच्याजवळ ज्वारीचे पीठ होते.

आता मला न शोभणारी ती गोष्ट. स्मरणिकेत सचिवांनी छापले आहे की, ‘एका विद्यार्थिनीच्या अनवधानामुळे चुकीचे पीठ सोबत आले.’ हे वाक्य खोटे आहे. परंतु ते त्यांनी रचलेले नाही. ते त्यांना मी पुरवले. पिशवीची गाठ सोडताना ती माझीच गाठ आहे हे मी पाहिले होते. पखवाजाची चामडी वादी जशी बांधतात तशी, शेवट आत खोचलेली, अशी गाठ आमच्या चमूत दुसरे कोणी बांधीत नाही. मी ती पाहिली आणि तरीही मान वर करून सर्वांदेखत विचारले, “हे पीठ कोणाच्या सामानात होते?” उत्तर मला ठाऊक असलेला प्रश्न मी विचारला होता. बत्तीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाने तसा प्रश्न विचारला की, वर्ग कोणाकडे बघेल हे त्याला बरोबर माहीत असते. सगळ्यांनी शिवकन्येकडे पाहिले. तिने त्या सुटलेल्या दोरीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

सचिवांना एवढे पुरेसे होते. ते म्हणाले की, मुलीच्या हाती जबाबदारी दिली की काय होते ते मी आधीच सांगत होतो. आज ही वाजवणार नाही, गुरुजी वाजवतील, आणि पुढच्या वर्षी पखवाजाच्या वर्गात दुसऱ्याला घेऊ. शिवकन्येच्या दृष्टीने हा एका दुपारचा प्रश्न नव्हता. ती जागा गेली असती तर ती मुखेडला परत गेली असती आणि तिला चिडवणाऱ्या साऱ्या गावाचे म्हणणे खरे ठरले असते. हे मला त्या क्षणी पूर्णपणे समजत होते. एक वाक्य बोलायचे होते. ते माझ्या घशापर्यंत आले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या ताठ मानेने ते परत गिळले.

मुलांनी आपापले उपाय सुरू केले. एकाने किटलीतल्या गरम पाण्यात ज्वारीचे पीठ भाकरीसारखे मळून थापले. ते दहा मिनिटांत तडकले आणि पापुद्रे होऊन मांडीवर गळले. दुसऱ्याने न्याहारीचा पाव भिजवून पाहिला, त्याचा चिखल झाला. संवादिनी वाजवणाऱ्याने सुचवले की, सगळ्यांनी मिळून च्युइंगम चघळावे. गुरुजींच्या कवळीला ते झेपणार नाही, म्हणून गुरुजींचा वाटा तो स्वतः चघळील. एरवी मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. युवक निवासाचे स्वयंपाकघर रविवारी बंद. गावातली दुकानेही बंद, कारण तिकडे रविवारी दूध-भाजीचेही दुकान उघडत नाही. संयोजक बाई दुसऱ्या शहरातून थेट कार्यक्रमाच्या वेळी येणार होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता. मी माझा जेवणाचा स्टीलचा डबा उचलला आणि बाहेर पडलो. मी पीठ शोधायला निघालो असे तिन्ही हकिकतींत आहे. मी शिवकन्येच्या नजरेपुढून निघालो होतो. पीठ हे निमित्त होते.

गाव स्वच्छ, शांत आणि माझ्याविषयी पूर्ण उदासीन होते. नाक्यावरची बेकरी बंद होती. तिच्या मागच्या बाजूला घर दिसले, मालकाचेच असेल असे समजून मी घंटी वाजवली. बनियनवर एक गृहस्थ बाहेर आले. मी इंग्रजीत बोललो. त्यांनी माझे धोतर पाहिले, माझा डबा पाहिला, मान हलवली आणि दार लावून घेतले. दुसऱ्या घरी खिडकीतला पडदा हलला, पण दार उघडले नाही. तिसऱ्या घरी एक तरुण बाई आली. तिच्या मागे कुत्रे भुंकत होते. माझे बोलणे पुरते ऐकूनही न घेता ती आत गेली आणि परत येऊन तिने माझ्या हातात एक केळे ठेवले, सहानुभूतीने हसली आणि दार बंद केले. ज्याच्या घरच्या बागेतून ट्रक भरभरून केळी जातात त्या अर्धापूरच्या माणसाच्या हातात परदेशातल्या बाईने भीक म्हणून एक केळे दिले. संतापाने माझी कानशिले तापली. ते केळे तिच्याच उंबऱ्यावर ठेवून निघून जावे म्हणून मी वाकलो.

वाकलो तेव्हा मला माझे वडील आठवले. मी त्यांची आठवण काढली नव्हती, ते आपण होऊन आले. आमच्या घराण्याचे कुलदैवत माहूरची रेणुका. नवरात्रात घरच्या कर्त्या पुरुषाने परडी, म्हणजे वेताची छोटी टोपली, हातात घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, अशी आमच्याकडे रीत. घरी बागायत असली तरी त्या दिवशी मागायचे, ज्याला आपण कामावर ठेवतो त्याच्या दारातही उभे राहायचे. मूठभर पीठ पडो की दोन दाणे, परडीत पडेल ते कपाळाला लावायचे, नाकारायचे नाही, आणि त्या पिठाची भाकरी करून घरादाराने खायची. वडील हे दर वर्षी करीत. त्यांच्यानंतर पाळी माझी आली, तेव्हा मी नुकताच शिक्षक झालो होतो. ज्यांची मुले माझ्यापुढे उभी राहतात त्यांच्या दारात मी परडी घेऊन उभा राहणार नाही, असे मी आईला सांगितले. माझ्या ऐवजी माझी पत्नी परडी घेऊन गेली, आणि ती जिवंत असेपर्यंत दर नवरात्रात तीच गेली. ती गेल्यावर परडी खुंटीला राहिली. मी देवीवर रागावलो होतो की तिने मागितलेले दिले नाही. मागणे म्हणजे काय हे मी कधी शिकलोच नव्हतो, हा विचार त्या परक्या उंबऱ्यावर, हातात केळे धरून वाकलेला असताना प्रथम माझ्या मनात आला.

मी ते केळे परत ठेवले नाही. कपाळाला लावले आणि डब्यात घातले. तेथून पुढे मी अनवाणी चाललो. विद्यार्थी सांगतात की, मला अंतःप्रेरणा झाली आणि मी पादत्राणे त्यागली. दौऱ्यासाठी घेतलेले नवे बूट मला टाचेला लागत होते, म्हणून मी ते काढून हातात घेतले. मात्र दगडी रस्त्याला पाय लागल्यावर मला बरे वाटले, हेही नमूद करतो.

ज्या घरी पीठ मिळाले ते विद्यार्थ्यांच्या हकिकतीत पाचवे घर आहे. ते चौथे होते. वळणावरचे बैठे घर, दारात दोन पायऱ्या. मी घंटी वाजवण्यापूर्वीच दार उघडले. माझ्याच वयाची एक म्हातारी कचऱ्याची बादली घेऊन बाहेर येत होती. रविवारचा स्वयंपाक चालला असावा, कारण तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. नथ नव्हती. कपाळावर कुंकू नव्हते; पिठाच्या हाताने घाम पुसल्याचा एक पांढरा डाग होता. सचिवांनी लिहिले आहे की, मी मोबाईलवरून भाषांतर करून माझी गरज समजावून दिली. माझा मोबाईल युवक निवासात होता. माझे इंग्रजी दोन दारांत वाया गेले होते. माझ्याजवळ एकच भाषा उरली होती. मी डबा दोन्ही हातांनी पुढे धरला आणि म्हणालो, “आई, रेणुकामातेचा जोगवा वाढा.”

आयुष्यात हे शब्द मी प्रथमच उच्चारले. म्हातारीने डब्यात पाहिले. आत केळे होते आणि कडांना ज्वारीचे पीठ चिकटलेले होते, कारण सकाळी मुलांनी त्याच डब्यात ते भिजवले होते. तिने एक बोट आत फिरवले, वास घेतला, जिभेला लावले आणि मान हलवली. मळायला बसलेल्या बाईने शेजारणीच्या पिठाला नावे ठेवावीत तशी ती मान होती. मग ती आत गेली, पिठाचा डबा घेऊन आली आणि आमच्या बायका सुपातून ओततात तसे तिने दोन्ही हातांनी माझा डबा भरून पीठ घातले. केळे तिने बाजूला काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवले. नंतर आतून पाणी आणून दिले आणि मी ते पिऊन होईपर्यंत दाराला टेकून उभी राहिली. तिने काही विचारले, मी काही उत्तर दिले, दोघांनाही काही कळले नाही. तिचे नाव मला माहीत नाही. तिला माझी मागणी कशी समजली याचे साधे कारण मी वर दिले आहे. त्याहून अधिक काही होते की नाही यावर मी वाद घालणार नाही. आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की, मी वाद घालणार नाही असे सहसा म्हणत नाही.

डबा भरला होता. दोन पखवाजांना पुरून उरेल इतकी कणीक त्यात होती. मी परत निघालो आणि शंभर पावले चालून थांबलो, कारण जोगवा पाच घरी मागायचा असतो आणि माझी चार घरे झाली होती. समोर एक फाटक होते. घंटीवर मी बोट ठेवले आणि ते दाबले नाही. परक्याच्या दारात मागणे आता मला सोपे झाले होते. ज्या दारात मागणे अवघड होते ते कोणते, हे मला ठाऊक होते. तेथून युवक निवासापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा असेल. मला तो अर्ध्या तासाचा झाला.

शिवकन्या जिन्याजवळच्या बाकावर पखवाज मांडीवर घेऊन बसली होती. डाव्या पुडीवर वाळलेले ज्वारीचे कण ती ओल्या फडक्याने टिपून काढीत होती. आज ती वाजवणार नव्हती, तरी काढीत होती. बाकीची मुले आजूबाजूला होती, सचिव खिडकीशी फोन लावीत उभे होते. मी तिच्यापुढे जाऊन डबा दोन्ही हातांनी धरला.

“माय, जोगवा वाढ.”

ती गडबडून उठली. “गुरुजी, हे काय करून राहिलात? सगळे बघून राहिले.”

“बघू दे. पिशवी मी भरली होती. गाठ माझी होती. सकाळी मला ती दिसली होती.”

“मलाबी दिसली होती,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलताल म्हणून थांबले.”

मी डबा तसाच पुढे धरून राहिलो. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग वाकून ती सकाळची पिशवी उचलली, तीतून चिमूटभर ज्वारीचे पीठ घेतले आणि माझ्या डब्यातल्या पांढऱ्या पिठावर सोडले. “घ्या. माझ्याकडं हेच हाय,” ती म्हणाली, आणि हात झटकत पुढे म्हणाली, “आता कणीक सुटली तर माझ्यावर ढकलायचं न्हाई.” संवादिनीवाला प्रथम हसला, मग सगळे हसले. मीही हसलो असे विद्यार्थी म्हणतात. मी रडत होतो. हसणे आणि रडणे यांतला फरक त्यांना वयाने कळेल.

सचिवांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, गुरुने विद्यार्थ्यांपुढे असे केले तर शिस्त राहत नाही. मी त्यांना म्हणालो की, शिस्त माझ्यामुळे सकाळीच मोडली आहे, आत्ता मी ती जोडून घेतो आहे. आणि आज पखवाजावर शिवकन्या बसेल, नाहीतर कोणीच बसणार नाही. चूक माझी असल्यामुळे पुढच्या वर्षी कोणाची जागा काढायची असेल तर माझी काढावी. ते माझ्यावर अजून नाराज आहेत. शिवकन्येची जागा मात्र राहिली.

दुपारी तिने स्वतः कणीक मळली आणि थापली. ज्वारीची ती चिमूट तीतच होती. चिमूटभर ज्वारीने कणकेचे काही बिघडत नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. मी तिच्या शेजारी बसून हाताने ताल धरला. तिने डाव्या हाताची पहिली थाप दिली, तेव्हा चर्चच्या दगडी छताखाली खर्ज असा भरला की पुढच्या बाकांवरची माणसे नकळत सावरून बसली. विद्यार्थी म्हणतात की, तिने त्या दिवशी अचूक वाजवले. अचूक नव्हे. दुसऱ्या चक्रदारात, म्हणजे तीनदा फिरून समेवर संपणाऱ्या बोलात, ती समेवर अर्धी मात्रा आधी आली. पूर्वीचा मी असतो तर तेथेच माझी भुवई चढली असती आणि तिने ती पाहिली असती. मी टाळी धरून राहिलो. तिने स्वतःच सावरले आणि तिसऱ्या आवर्तनात समेवर अशी उतरली की मला माझ्या वडिलांचा हात ऐकू आला. ती म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती असेही सांगितले जाते. ती नव्हती. मी नीट पाहिले होते, कारण मला तिला नमस्कार करायचा होता.

परतल्यावर स्मरणिका छापून आली आणि तीत ते वाक्य होते. मी सचिवांना दुरुस्तीचे पत्र पाठवले, मग दुसरे पाठवले, तिसरे लिहून तयार आहे. शिवकन्या म्हणते, असू द्या गुरुजी, ज्याला कळायचं त्याला कळलं. ती माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेली आहे. शरण जाणे ही गोष्ट मला एका दिवसात पूर्ण साधली, असा दावा मी करीत नाही. भांडण माझ्या स्वभावात आहे आणि ते चितेवरच जाईल. परंतु पूर्वी मी स्वतःच्या मानासाठी भांडत असे. हे पत्र दुसऱ्या कोणाच्या मानासाठी आहे, एवढा फरक झाला.

पत्नी गेली त्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही आणि ते मागण्याचाही आता आग्रह नाही. पूर्वी मी देवीपुढे उभा राहिलो तेव्हा माझे मागणे तिला आज्ञेसारखे ऐकू आले असेल. दिलेले घेण्यासाठी हात रिकामा आणि खाली लागतो, हे मला परक्या गावातल्या पायऱ्यांवर कळले आणि माझ्याच विद्यार्थिनीपुढे पुरते कळले. आता दिवा लावल्यावर माझे हात आपोआप जुळतात. मी एवढेच म्हणतो: माये, तू ज्या रूपाने येशील त्या रूपाला ओळखण्याची बुद्धी माझ्याजवळ नाही. म्हणून ज्याच्या दारात जाईन त्याच्यापुढे मला वाकता येऊ दे. चुकलो तर कबूल करायला उशीर लावू देऊ नकोस. आणि त्या मुलीच्या हाताला तुझा खर्ज लाभू दे.